लुगडे कोणी नेसवले? : भादलीचा निकाल आणि आपले साहित्य

भादली बुद्रुक हे जळगाव तालुक्यातले गाव. जळगाव-भुसावळ लोहमार्गावर या नावाचे लहानसे स्टेशन आहे. २०२०च्या डिसेंबरात तेथील ग्रामपंचायतीच्या निवडणुकीसाठी अंजली या तृतीयपंथी व्यक्तीने स्त्रियांसाठी राखीव असलेल्या सर्वसाधारण जागेवर उमेदवारी अर्ज भरला आणि त्यात स्वतःची नोंद स्त्री अशी केली. ३१ डिसेंबरच्या छाननीत अर्ज बाद झाला. जागा स्त्रियांची, अर्जदार तृतीयपंथी, आणि तृतीयपंथीयांसाठी राखीव जागाच नाही, असे कारण. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापुढे गेले. २ जानेवारी २०२१ रोजी न्या. रवींद्र घुगे यांनी अर्ज स्वीकारण्याचा आदेश दिला. १५ जानेवारीला मतदान झाले, १८ तारखेला मोजणी झाली आणि अंजली निवडून आली.

एवढी हकीकत वर्तमानपत्रांत आली आणि विरली. ती पुन्हा सांगावी म्हणून मी हा लेख लिहीत नाही. मराठीचा अध्यापक या नात्याने मला ते निकालपत्र एक मजकूर म्हणून वाचायचे आहे. अनुभव कोणाचा, शब्द कोणाचा, नाव कोणी ठेवले, हे प्रश्न दलित साहित्याने मराठी साहित्याला गेली पन्नास-साठ वर्षे विचारले. ते सारे प्रश्न या मोजक्या पानांत उभे आहेत. आपल्या कथा-कादंबऱ्यांत आणि समीक्षेत ते तेवढ्या धीटपणे उभे राहिलेले नाहीत.

सुरुवात नावापासून करावी लागते. याचिकेवर नाव आहे ‘अंजली गुरू संजना जान’. वर्तमानपत्रांनी तिला अंजली पाटील म्हटले. मराठी माणसाच्या नावाला तीन खण असतात. पहिला आपला, मधला बापाचा नाहीतर नवऱ्याचा, शेवटचा कुळाचा. मधल्या खणातून माणसाचा मालक कळतो आणि शेवटच्या खणातून त्याची जात. आपल्या बापजाद्यांची नावे दगडू, कचरू, धोंडू अशी का असत आणि १९५६ नंतर घरोघर ती का बदलली, हे या नियतकालिकाच्या वाचकाला सांगायला नको. अंजलीने मधल्या खणात बाप ठेवला नाही, नवरा ठेवला नाही. गुरूचे नाव लिहिले, आणि ते न्यायालयाच्या कागदावर लिहिले. गुरू-चेल्याचे नाते हे रक्ताच्या नात्याने घराबाहेर काढलेल्यांनी उभे केलेले नाते आहे. त्या नात्यातही पिळवणूक असते, हेही खरे. पण सरकारी कागदावरच्या मधल्या खणाची मक्तेदारी मोडणारे असे नाव आपल्या विद्रोही कवितेतसुद्धा मला फारसे भेटलेले नाही. वर्तमानपत्रांनी तेच पुसून तिला पाटील करून टाकले. ओळखीचे आडनाव दिसले की वाचक निर्धास्त होतो.

आता निकालाकडे. त्याचा पाया २०१४चा आहे. १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘नाल्सा’ प्रकरणात आपली लिंगओळख आपणच ठरवण्याचा अधिकार मान्य केला. २०१९च्या कायद्यातही स्वतःला जाणवणाऱ्या ओळखीचा हक्क लिहिला गेला, अर्थात त्याच कायद्याने जिल्हाधिकाऱ्याच्या प्रमाणपत्राचा फाटाही लावून दिला. खंडपीठाने या अधिकाराच्या आधारे अंजलीला स्त्रियांच्या जागेवर उभे राहू दिले. अर्ज बाद करणाऱ्या अधिकाऱ्यापुढे असे पूर्वीचे उदाहरण नव्हते, हे न्यायालयाने समजुतीने नोंदवले. इथवर सारे स्वागतार्ह. पण याच निकालात एक अट आहे. आपण यापुढे लाभाच्या मोहाने पुरुष हा पर्याय निवडणार नाही, आरक्षणाच्या फायद्याखेरीज अन्य काही कारण असल्यासच तसे करू, असे अंजलीचे वचन निकालपत्रात नोंदले गेले आहे.

या वचनापाशी मी अडतो. महिला राखीव जागेवर उभ्या राहणाऱ्या दुसऱ्या कोणत्या बाईकडून मी जन्मभर बाईच राहीन असे कोणी लिहून घेतले आहे काय? गावोगाव बाई सरपंच असते आणि खुर्चीवर नवरा बसतो. ‘सरपंचपती’ हा शब्द तर आता विनोदसुद्धा राहिलेला नाही. त्या नवऱ्याकडून कोणी वचन घेत नाही. संशय येतो तो नेमका जिच्यापाशी काहीच नाही तिचा.

हा संशय आपल्याला अनोळखी नाही. माझ्या प्रवेश अर्जातला जातीचा एक रकाना भरण्यासाठी वडिलांनी तालुक्याच्या कचेरीत किती खेपा घातल्या, ते मला ठाऊक आहे. आमच्या घरातला तो पहिलाच कॉलेजचा अर्ज. राज्याचा जातपडताळणीचा कायदा २०००चा. त्याची गरज नाही असे मी म्हणणार नाही. खोटे दाखले काढून आपल्या आणि आदिवासींच्या जागा लाटणारे पुष्कळ निघाले, आणि पडताळणी हवी ही मागणी आपलीच होती. म्हणूनच येथे नीट फरक केला पाहिजे. जात मी निवडली नाही, ती गावाने मला दिली. तेव्हा तिचा पुरावा गावाच्याच दप्तरात सापडतो. जन्ममृत्यूच्या नोंदीत, शाळेच्या दाखल्यात, कोतवाल बुकात ज्यांनी शिक्का मारला त्यांचाच कागद साक्षीला येतो. अंजलीचे बाईपण गावाने दिलेले नाही. गावाने, शाळेने, दवाखान्याने दिले होते ते दुसरेच काही; ते तिने नाकारले. त्यामुळे तिच्या बाजूचा पुरावा दप्तरात मिळणारच नाही, तो तिच्या बोलण्यातच असणार. या दोन गोष्टींना एकच पडताळणी लावली की न्यायाच्या नावाने अन्याय होतो. भादलीच्या मतदारांना हा तात्त्विक भेद कोणी समजावून सांगितला नसेल. त्यांनी बाईच्या जागेवर तिला निवडून दिले, एवढे मात्र दप्तरात आहे.

आता मराठी साहित्याने या माणसांचे काय केले ते पाहू. विजय तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ हे नाटक १९८१ साली रंगभूमीवर आले. त्या काळाच्या मानाने ते धाडसाचे होते, याबद्दल वाद नाही. पण गोष्ट मित्राची असली तरी सांगतो बापू, आणि मित्रा अखेरीस आत्महत्या करते. प्रस्थापित मराठी साहित्यात ज्याची गोष्ट त्याने सांगायची नाही आणि शेवटी जगायचेही नाही, असा अलिखित करार पूर्वी आपल्याही बाबतीत होता.

मला अधिक महत्त्वाची वाटतात ती दुसरी दोन उदाहरणे, कारण ती आपल्या मातीतली आहेत. आनंद यादवांची ‘नटरंग’ ही कादंबरी १९७८ची. तिच्यावरचा चित्रपट २०१० साली आला आणि महाराष्ट्रभर गाजला. गुणा हा शेतमजूर. अंगाने पहिलवान, तमाशाच्या वेडापायी नाच्या होतो आणि त्यापायी विटंबना, बलात्कार, बहिष्कार सारे भोगतो. वाचकाचे काळीज पिळवटते. पण का पिळवटते, हे समीक्षेने विचारायला हवे होते. गुणा ‘खरा पुरुष’ आहे हे वाचकाला पहिल्यापासून माहीत असते. एका खऱ्या पुरुषाला बायकी समजले गेले, ही त्याची शोकांतिका. तो खरोखरच तसा असता तर? मग ही सहानुभूती उरली असती का? कादंबरी हा प्रश्न स्वतःला विचारत नाही.

‘जोगवा’ हा २००९चा चित्रपट. राजन गवस यांच्या ‘चौंडकं’ आणि ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आणि चारुता सागर यांच्या ‘दर्शन’ या कथेवर तो बेतला आहे. तायाप्पाला देवीचा जोगता करून बळेच लुगडे नेसवले जाते. शेवटी तो ते फेडतो आणि सुलीसह माणसासारखे जगायला निघतो. येथे मी चित्रपटाच्या बाजूचा आहे. देवाला माणसे सोडण्याची चाल ही मुख्यतः आपल्याच जातींच्या माथी मारलेली, आणि तिच्याविरुद्ध आपल्या कार्यकर्त्यांनी उभे आयुष्य वेचले आहे. राज्याचा देवदासी प्रथेविरुद्धचा कायदा २००५चा. तायाप्पाने लुगडे फेडणे ही मुक्तीच आहे.

मग अंजलीने लुगडे नेसणे काय आहे? तीही मुक्तीच आहे, असे माझे म्हणणे. वस्त्र तेच. पण एकाला ते देवीच्या नावाने गावाने नेसवले, दुसरीने ते गावाला न जुमानता स्वतः नेसले. मुक्ती नेसण्यात नाही, फेडण्यातही नाही. नेसवले कोणी, यावर ती ठरते. हा निकष काही मी बाहेरून आणलेला नाही. गळ्यातले मडके आणि कमरेचा झाडू आपल्या पूर्वजांवर लादला गेला, तर निळा झेंडा आपण होऊन खांद्यावर घेतला. दोन्ही खुणाच, पण त्या एक आहेत असे कोणी म्हणेल काय? मराठी साहित्याला लादलेले लुगडे दिसले, घेतलेले लुगडे दिसले नाही. ‘तो बिचारा मुळात पुरुष होता’ या एका वाक्यावर त्याची सारी करुणा उभी आहे.

घेतलेले लुगडे दिसायला ते नेसणारीनेच लिहावे लागले. लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांचे ‘मी हिजडा, मी लक्ष्मी!’ हे आत्मकथन २०१२ साली आले. शब्दांकन वैशाली रोडे यांचे. शिवी म्हणून वापरला जाणारा शब्द मथळ्यात, तोही ‘मी’ला लागून आणि उद्गारचिन्हासह, ही गोष्ट लहान नव्हती. पण ठाण्याच्या ब्राह्मण कुटुंबातल्या लक्ष्मीचे बंड लिंगापाशी सुरू होते आणि जातीपाशी थांबते. पुढे किन्नर आखाडा निघाला, कुंभमेळ्यात शाहीस्नान झाले, आणि २०१८ साली त्यांनी अयोध्येच्या मंदिराला पाठिंबा दिला तेव्हा देशभरातल्या अनेक पारलिंगी कार्यकर्त्यांनी निवेदन काढून त्याचा निषेध केला. त्या निषेधात आपला आवाज कितपत होता?

दिशा पिंकी शेख यांची कविता दुसऱ्या टोकाची आहे. संग्रहाचे नावच ‘कुरूप’. रूप-कुरूपाचा निवाडा करणारा डोळा कोणाचा, हा प्रश्न त्या एका शब्दात आहे. धुळ्याच्या कॉम्रेड शरद पाटलांनी ‘अब्राह्मणी साहित्यांचे सौंदर्यशास्त्र’ १९८८ साली लिहिले, त्या पुस्तकाशेजारी ‘कुरूप’ ठेवून वाचावे असे मी विद्यार्थ्यांना सांगतो. शरद पाटलांनी आपल्याला व्याकरणातून समाजाचा इतिहास वाचायला शिकवले, पाणिनीच्या सूत्रात दास आणि शूद्र शोधायला शिकवले. जात, वर्ग आणि स्त्रीदास्य असा त्यांचा तिपेडी विचार. त्या तिसऱ्या पेडात मात्र माणसे दोनच, स्त्री आणि पुरुष. संस्कृत व्याकरणाला आणि मराठीलाही लिंगे तीन आहेत. तिसऱ्याला नपुंसक म्हणून बाजूला ठेवले ते कोणत्या समाजाने, कोणत्या उत्पादनव्यवस्थेत, याचा शोध त्यांच्या पद्धतीने कोणीतरी घ्यायला हवा. पुराव्याचा एक धागा तर समोरच आहे. २५ डिसेंबर १९२७ला महाडला जो ग्रंथ जाळला, त्याच्या नवव्या अध्यायात क्लीबाला वारसाहक्कातून वगळले आहे, आणि वगळले आहे पतिताच्या जोडीने. ज्या ओळीत पतित बसतो त्याच ओळीत हाही बसतो. मग हा प्रश्न दलित साहित्याच्या बाहेरचा, शहरी, पाश्चात्त्य, असे कोणत्या तोंडाने म्हणता येते?

‘आपल्या संस्कृतीत त्यांना मान होता’ असे काही सज्जन सांगतात. बाळाला आशीर्वाद, लग्नात बधाई, त्यांचा शाप लागतो म्हणे. हा मान मला परिचयाचा वाटतो. गावच्या होळीत महाराचा मान असे, पोळ्याला असे, मेलेल्या ढोराचाही मानच असे. पेशवाईत दख्खनच्या काही गावांतून हिजड्यांना ठरावीक हक्क मागण्याची मुभा होती, काहींकडे इनाम जमिनी होत्या आणि त्या गुरूकडून चेल्याकडे जात. इंग्रज आले; एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला मुंबई सरकारने या मागण्याच्या हक्काला कायद्याचा आधार नाकारला. मागाहून १८७१चा गुन्हेगार जमातींचा कायदा झाला. त्याचा दुसरा भाग हिजड्यांचाच होता; उत्तरेकडच्या प्रांतांत त्यांची नावे पोलिसांच्या वहीत चढली. ज्या कायद्याने पुढे पारधी-कैकाड्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवले, त्याच कायद्याने यांनाही. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात महार वतनाविरुद्ध बिल आणले ते वतन हा मान नसून बेडी आहे म्हणून. भाकरी मागायचा हक्क हा हक्कच नव्हे, हे त्यांनी आपल्याला शिकवले. भुसावळच्या गाडीत टाळी वाजवून दहा रुपये घेणाऱ्या हाताला ‘परंपरा’ म्हणून गौरवणे हे जोहाराला संस्कृती म्हणण्यासारखे आहे. तो हात काढून घ्यायचा तर त्याला काम द्यावे लागेल. ते न करता फक्त टाळीची चीड येणारेही पुष्कळ आहेत.

नावाची गोष्ट मी वर सुरू केली. तिचा एक भाग राहिला, आणि त्यासाठी जरा लांब जावे लागेल. अरब देशांत ही चळवळ फार कठीण परिस्थितीत चालते, आणि तिथल्या कार्यकर्त्यांचा पहिला झगडा शब्दाशी झाला. अरबीत समलिंगी माणसाला ‘शाज’ म्हणण्याची रीत होती; अर्थ विकृत, नियमाबाहेरचा. कार्यकर्त्यांनी त्याजागी ‘मिस्ली’ हा शब्द रुजवला. ज्याची ओढ आपल्यासारख्याकडे आहे तो. बैरूतमध्ये २००४ साली ‘हेलेम’ ही संघटना निघाली, अशा संघटनांत अरब जगातली ही पहिल्यापैकी. तिच्या नावाची अद्याक्षरे जुळवली की ‘स्वप्न’ हा अर्थ निघतो. लेबनॉनचे ५३४ कलम फ्रेंच अमलाच्या छायेतले, जसे आपले ३७७ इंग्रजांचे १८६०चे. पण ‘हे पाश्चात्त्य खूळ आहे’ असा आरोप मात्र दोन्हीकडे कलमावर होत नाही, माणसांवर होतो. इजिप्तमध्ये असे नाव घेऊन कलम नव्हते, तर १९६१चा अनाचाराचा कायदा लावला गेला. २०१७ साली कैरोत ‘मश्रू लैला’ या लेबनीज गायकवृंदाच्या कार्यक्रमात सारा हेगाझीने इंद्रधनुषी झेंडा फडकवला. तिला तुरुंगात टाकले, छळले. ती कॅनडात परागंदा झाली आणि जून २०२०मध्ये तिने आत्महत्या केली.

तिथल्या एका पुस्तकाबद्दल विशेष सांगायचे आहे. बैरूतच्या ‘मीम’ या स्त्रियांच्या गटाने २००९ साली ‘बरीद मुस्तअजिल’ म्हणजे ‘तातडीची डाक’ हा संग्रह काढला. त्यात ४१ जणींच्या आणि जणांच्या हकिकती आहेत आणि एकाही हकिकतीला लेखकाचे नाव नाही. नाव छापले तर घर सुटेल, नोकरी सुटेल, जीवही जाईल. आपल्या आत्मकथनांशी याची तुलना केल्याशिवाय मला राहवत नाही. आपल्याकडे नाव हाच पुरावा मानला गेला. जो भोगतो त्याने नावानिशी लिहावे. तरीदेखील ‘बलुतं’ आठवून पाहा. १९७८च्या त्या पुस्तकात दया पवारांना दगडू मारुती पवार अशी दुसरी व्यक्ती समोर बसवावी लागली, आणि तिच्या तोंडून गोष्ट सांगावी लागली. आपले नाव आपल्याच तोंडाने उच्चारणे दुखते तेव्हा साहित्य असे मार्ग शोधते. निनावी हकिकत ही भेकड हकिकत नव्हे. उद्या आपल्या नियतकालिकाकडे धुळ्याहून, चोपड्याहून, शिरपुराहून असा एखादा निनावी मजकूर आला, तर संपादकांनी नाव कळवा म्हणून तो परत पाठवू नये.

मराठीत कोणता शब्द घ्यावा? ‘तृतीयपंथी’ सरकारी आणि वर्तमानपत्री. तिसरे म्हणताना पहिला आणि दुसरा क्रमांक कोणाचा हे ठरलेलेच असते, आणि लिंगाला ‘पंथ’ म्हणण्यात तर महानुभाव-वारकऱ्यांच्या रांगेत नेऊन बसवण्याचा सोज्वळपणा आहे. ‘पारलिंगी’ नेमका आहे, पण अजून पुस्तकातला. ‘किन्नर’ हा शब्द हिंदीतून जोराने येत आहे आणि त्याला माझा सक्त विरोध आहे. किन्नर म्हणजे देवांचे गायक. आपल्यालाही एकदा हरीचे जन केले होते. देवाच्या नातलगाला माणसाचे हक्क द्यावे लागत नाहीत. ‘हिजडा’ हा शब्द लक्ष्मीने घेतला तसा जिने तिने स्वतः घ्यावा. दुसऱ्याने तो तोंडात घेण्याआधी आपल्या जातिवाचक शब्दांची आठवण ठेवावी.

हे लिहितो आहे ते विशेषतः आपल्या चळवळीसाठी. नामदेव ढसाळांच्या ‘गोलपिठा’च्या जगात १९७२ सालीच हिजडे होते, वेश्या होत्या, आणि ती माणसे म्हणून होती. पण कवितेत आलेले मोर्चात येतेच असे नाही. जळगाव आणि धुळ्याच्या कचेऱ्यांपुढे निष्क्रिय अधिकाऱ्याला बांगड्यांचा आहेर करण्याचे कार्यक्रम मी पाहिले आहेत, निळ्या झेंड्याखालीही. ‘आम्ही काय हिजडे आहोत का’ हे वाक्य तर जोरदार भाषणाचा ठेवणीतला भाग आहे. गीतेत अर्जुनाला लढायला उठवताना त्याच्या क्लैब्याची निंदा होते. ही बांगडी तिथपासून चालत आलेली आहे. ज्या बाया बांगड्या घालून उन्हात शेत निंदतात, दुपारी मोर्चात चालतात, त्यांच्याच देखत बांगडी ही नामर्दपणाची खूण ठरते आणि त्याही टाळ्या वाजवतात.

आपला वारसा वेगळा आहे, हे सांगणारा प्रसंग १९३४चा. ‘समाजस्वास्थ्य’ या मासिकात वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना उत्तरे दिल्याबद्दल र. धों. कर्व्यांवर अश्लीलतेचा खटला झाला. प्रश्नांत हस्तमैथुन होते, समलिंगी संबंध होते. उच्च न्यायालयात कर्व्यांच्या बाजूने डॉ. आंबेडकर उभे राहिले. लैंगिक विषयावर लिहिले म्हणजे ते अश्लील ठरत नाही, आणि लोक जे प्रश्न विचारतात त्यांना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, असा त्यांचा पवित्रा होता. खटला ते हरले, कर्व्यांना दंड झाला. त्यावेळी बाबासाहेबांपुढे काय कमी कामे होती? पुणे कराराला दोन वर्षेही झाली नव्हती. ३१ जुलै १९३७ला ते धुळ्यास आले असता लळिंगच्या लांडोर बंगल्यावर मुक्काम केला, म्हणून दरवर्षी त्या दिवशी तिथे आपली गर्दी लोटते. पुस्तकांची दुकाने लागतात. त्या दुकानांत कर्व्यांच्या खटल्यावरची एखादी चार पानांची पुस्तिका असावी, ही अपेक्षा जास्त नाही.

राजकारणाने साहित्यापेक्षा पुढचे पाऊल टाकले, हे मान्य केले पाहिजे. वंचित बहुजन आघाडीने २०१९ साली दिशा पिंकी शेख यांना प्रवक्तेपद दिले आणि २०२४च्या विधानसभा निवडणुकीत जळगाव जिल्ह्यातल्या रावेरची उमेदवारी शमिभा पाटील यांना जाहीर केली. शमिभा कवयित्री आहेत, हे किती साहित्य संमेलनांना ठाऊक आहे? पद आणि तिकीट यांच्यापलीकडचा खरा अवघड प्रश्न आरक्षणाचा आहे आणि तो आपल्या दाराशी येऊन ठेपला आहे. २०१४च्या निकालाने पारलिंगी व्यक्तींना सामाजिक-शैक्षणिक मागास मानायला सांगितले. मग मातंग घरातून बाहेर काढलेली पारलिंगी मुलगी कोणत्या रकान्यात बसणार? मागासवर्गाच्या रकान्यात गेली तर तिची जात पुसली जाते, अनुसूचित जातीच्या रकान्यात राहिली तर तिचे दुसरे भोगणे पुसले जाते. म्हणून आडव्या, म्हणजे प्रत्येक प्रवर्गाच्या पोटातल्या आरक्षणाची मागणी पुढे आली. तामिळनाडूत ती ग्रेस बानू या दलित पारलिंगी कार्यकर्तीने लावून धरली. कर्नाटकाने २०२१ साली सरकारी नोकऱ्यांत एक टक्का असे आरक्षण दिले. ‘आमच्या वाट्यातून जाणार’ ही भीती आपल्यातही बोलून दाखवली जाते. जिला द्यायचे ती आपलीच लेक असेल, तर वाटा गेला कुठे?

निकालपत्र इंग्रजीत आहे. ते ज्या गावाचे त्या गावाला वाचता यावे म्हणून द्वितीय वर्षाच्या तीन विद्यार्थ्यांना मी त्यातला काही भाग मराठीत करायला दिला. दोन अडचणी लगेच आल्या. सेक्स आणि जेंडर या दोहोंना आपल्याकडे शब्द एकच, लिंग. आणि व्याकरणातही तोच. तिघांनी तीन खटपटी केल्या, एकही पुरती पटली नाही. दुसरी अडचण अधिक मोठी. इंग्रजीतल्या ‘पिटिशनर’ला लिंग नाही, मराठीत मात्र पहिल्याच वाक्यात ठरवावे लागते. दोघांनी सवयीने ‘याचिकाकर्ता’ लिहिले. तिसरीने ‘याचिकाकर्ती’ लिहिले आणि वचनाच्या परिच्छेदापाशी समासात प्रश्नचिन्ह काढून ठेवले. तिघांचे कागद समोर ठेवून आता आम्ही एकच मसुदा करीत आहोत, आणि तो ‘याचिकाकर्ती’वरून चालला आहे.